सहलीचं अर्धं ठरवा, अर्धं सोडा

इमॅजिकाला किंवा एखाद्या वॉटर पार्कला जायचं म्हटलं की भिवंडीतल्या बहुतेक घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष महिनाभर आधीपासून ग्रुपवर व्हिडिओ पाठवतो आणि कोणती राइड किती वाजता, हेही लिहून काढतो. दुसरा म्हणतो, "आधी पोचू तर खरं, मग बघू." पहिल्या पक्षाची यादी अकरा वाजताच कोलमडते आणि मग दिवसभर घरात कुणीतरी रुसलेलं असतं. दुसऱ्या पक्षाला गेटवर कळतं की धाकट्याची उंची बसत नाही आणि आजीच्या साडीला पाण्यात परवानगी नाही.

माझं सांगणं सरळ आहे. गेटवर पोचल्यावर जे बदलता येत नाही, ते घरी ठरवा. आत गेल्यावर पाच मिनिटांत जे बदलता येतं, ते आधी ठरवूच नका.

पहिला प्रश्न, कुठे जायचं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी थीम पार्क म्हणजे गोराईचं एस्सेलवर्ल्ड. ते १९८९ साली सुरू झालं आणि तिथे जायचं तर खाडीतून बोटीने. खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला इमॅजिका २०१३ मध्ये उघडलं, पुढच्या वर्षी त्याचं वॉटर पार्क आलं. २०२२ मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. पण घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर एवढ्या लांब जायलाच हवं का, हे आधी विचारा. आपल्या नाशिक हायवेवर शांग्रिला आहे, पारोळच्या बाजूला ग्रेट एस्केप आहे. चार वर्षांच्या पोराला गुडघाभर पाणी आणि एक घसरगुंडी मिळाली की त्याचा दिवस भरतो. मोठ्या रोलर कोस्टरचं तिकीट त्याच्यासाठी काढण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रश्न, कोणत्या दिवशी. बहुतेक पार्कांचे दर वारानुसार बदलतात. आधी ऑनलाइन काढलं तर तिकीट बऱ्याचदा स्वस्त पडतं, कामाच्या वारी तर आणखीच, म्हणून "कामाच्या वारी जा" असा सल्ला सगळे देतात. तो सगळ्यांना लागू नाही. मागावर मीटरप्रमाणे मजुरी घेणाऱ्याला किंवा मानकोलीच्या गोदामात रोजावर असणाऱ्याला कामाचा वार म्हणजे बुडालेली कमाई. तिकिटात किती वाचतात आणि मजुरीत किती जातात, हे दोन आकडे शेजारी मांडा आणि मग वार निवडा. आणखी एक गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली निघतात आणि त्या कामाच्याच वारी निघतात. त्या दिवसांत मंगळवार-बुधवारीही गेटवर बसगाड्यांची रांग असू शकते. पावसाळ्यात गर्दी कमी असते. पण खोपोलीचा पाऊस साधा नव्हे, आणि विजा कडाडायला लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात.

तिसरा प्रश्न, जायचं-यायचं कसं. भिवंडीकराला वाहतूक कोंडीवर व्याख्यान द्यायची गरज नाही. मानकोली, मुंब्रा बायपास, शीळफाटा या तीन नावांतच सगळं आलं. म्हणून निघायची वेळ पार्क उघडण्याच्या वेळेवरून उलट मोजा आणि कोंडीसाठी वर तासभर धरा. परतीचा विचार तर त्याहून जास्त करा. रविवारी संध्याकाळी लोणावळ्या-पुण्याकडून मुंबईला परतणाऱ्यांची गर्दी एक्स्प्रेस वेवर असते, त्यात पार्क सुटलं की सगळ्या गाड्या एकदम बाहेर पडतात. पार्क बंद व्हायच्या अर्धा-पाऊण तास आधी निघा, नाहीतर खोपोलीत निवांत जेवून निघा. मधल्या वेळेत निघालात तर पोरं गाडीत उपाशी रडतील आणि गाडी जागची हलणार नाही. स्वतःची गाडी नसेल तर कल्याणहून खोपोली लोकल आहे. मात्र कर्जतच्या पुढे गाड्या मोजक्याच, तेव्हा परतीच्या गाडीची वेळ आधी लिहून घ्या. स्टेशनपासून पुढे रिक्षा लागते. सात-आठ जण असाल तर भाड्याची गाडी परवडते का, हेही विचारून ठेवा.

चौथा प्रश्न अंगाशी संबंधित आहे. मुलांना दाराच्या चौकटीशी उभं करा आणि टेपने उंची मोजा. राइडवर बसू द्यायचं की नाही, हे वयावर ठरत नाही, उंचीवर ठरतं. अनेक ठिकाणी मुलांचं तिकीटही उंचीवरच असतं. पार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडची अट दिलेली असते. ती मुलांना घरीच दाखवा. घरी ऐकलेला नकार मूल पचवतं. तासभर रांगेत उभं राहिल्यावर ऐकलेला नकार त्याला पचत नाही. ज्यांना रक्तदाब, हृदयविकार, पाठीचं दुखणं आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांना मोठ्या राइड वर्ज्य आहेत. हेही घरीच मोकळेपणाने बोला, म्हणजे तिथे भिडेखातर कुणी चढणार नाही.

वॉटर पार्कला नायलॉनचे किंवा लायक्राचेच कपडे लागतात. सुती कपडा पाण्याने जड होतो, साडीचा पदर किंवा ओढणी घसरगुंडीत अडकू शकते. अंगभर झाकणारे नायलॉनचे पोशाखही बाजारात मिळतात, तेव्हा "मला नाही जमणार" म्हणून घरातल्या बायकांनी काठावर बसायचं कारण नाही. तिथे भाड्याने कपडे मिळतात, पण मापाचे मिळतीलच असं नाही आणि वर अनामत ठेवावी लागते. सोन्याची साखळी, मंगळसूत्र, झुमके घरीच ठेवा.

बाहेरचं खाणं बहुतेक पार्क आत नेऊ देत नाहीत. तान्ह्याचं खाणं आणि औषधं याबद्दल फोन करून विचारा. पोळी-भाजी करा, पण ती गेटच्या अलीकडे गाडीत खायला. आतल्या खाण्यावर आणि फोटोंवर किती खर्च करायचा, तो आकडाही घरीच ठरवा. मुलांच्या हातात त्यांच्या वाटणीची रक्कम द्या. स्वतःचे पैसे असले की तीच मुलं दुकानापुढे दहा वेळा विचार करतात.

इथे ठरवणं संपतं. आता सोडण्याचं.

आत गेल्यावर वेळापत्रक नको, मात्र रांगेचं साधं गणित ठाऊक असू द्या. समजा एका राइडमध्ये एका वेळी २० माणसं बसतात आणि एक फेरी पाच मिनिटांची आहे. तासाला २४० माणसं झाली. तुमच्या पुढे १२० जण असतील तर अर्धा तास गेला. सकाळी गेट उघडल्यावर हीच रांग बरीच लहान असते. म्हणून घरातल्या प्रत्येकाला एकच विचारा, "तुझी एक राइड कोणती?" त्यातल्या सर्वांत गर्दीच्या दोन आधी उरका. इमॅजिकात नायट्रोसारख्या मोठ्या कोस्टरचं असंच आहे. जेवण साडेअकराला किंवा अडीचला घ्या, कारण दीड वाजता सगळं पार्क उपाहारगृहात असतं. दुपारच्या उन्हात मिस्टर इंडिया किंवा आय फॉर इंडियासारख्या आत बसायच्या राइड घ्या. एवढं पुरे. उरलेला दिवस मुलांना ठरवू द्या. तीच राइड तीनदा हवी असेल तर तीनदा. तिकिटाचे पैसे राइडच्या संख्येत वसूल करायला निघालात की आपणच आपल्या पोरांचे मुकादम होतो.

माणसं जास्त असतील तर सगळ्यांना दिवसभर एकत्र हाकू नका. आत्या, काका, मामी धरून पंधरा जण असले की चौघांना स्वच्छतागृहात जायचं असतं आणि अकरा जण उन्हात उभे असतात. धाडसी, लहानगे आणि सावलीत बसणारे, असे तीन गट करा. जेवणाला भेटायची जागा आणि वेळ नक्की करा. फोन लॉकरमध्ये असतात, त्यामुळे "फोन करतो" यावर विसंबू नका. लहान मुलाच्या मनगटावर फोन नंबर लिहायचा तर पाण्यात न पुसणाऱ्या शाईने लिहा.

अमेरिकेतले नातेवाईक ऑर्लँडोच्या डिस्नीसाठी महिनोन्‌महिने तक्ते करतात, ते पाहून आपणही तसंच करावं असं वाटतं. तिथे चार मोठी पार्कं आहेत, विमानाची तिकिटं आहेत, चार-पाच दिवसांचा मुक्काम आहे. त्यांना ते करावंच लागतं. आपली सहल एका दिवसाची. आणि गर्दीपुढे कुणाचा तक्ता टिकतो? १७ जुलै १९५५ ला खुद्द वॉल्ट डिस्नीने कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उघडलं, तर खोटी तिकिटं घेऊन बोलावल्यापेक्षा कितीतरी जास्त लोक आत शिरले. पिण्याच्या पाण्याचे नळ पुरे पडले नाहीत, नुकत्याच घातलेल्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या. पार्क बांधणाऱ्यालाही आतला दिवस मुठीत ठेवता आला नाही.

तेव्हा सुट्टीत जाणार असाल तर या आठवड्यात चारच कामं करा. मजुरीचा हिशेब मांडून वार ठरवा. मुलांची उंची मोजा. परतीची गाडी पक्की करा. पाण्यात जायचं असेल तर घरातल्या प्रत्येकाचे कपडे बघून घ्या, आजीचे सुद्धा. तासाभराचं काम आहे. त्यानंतर सहलीबद्दल बोलायचं ते फक्त मजेने. आणखी कुणी व्हिडिओ पाठवला तर तो मुलांना बघू द्या, तुम्ही त्यावरून यादी करायला बसू नका.