अक्षराला बाळसे धरू द्या!

आमच्या शाळेच्या वार्षिक अंकाचे नाव 'चिवचिव'. यंदा मुखपृष्ठावर ते नाव मी 'मोदक' नावाच्या जाडजूड, गुबगुबीत टाइपात छापून घेतले आणि शाळासमितीच्या सभेत माझ्यावर आभाळ कोसळले. एका वडीलधाऱ्या सभासदांनी अंक दोन बोटांत धरून विचारले, "मास्तर, हे मराठी आहे की मिठाईचे दुकान? ज्ञानोबांच्या भाषेचा असा पोरखेळ?" मी घसा साफ करतो न करतो तोच ठराव मंजूर झाला : पुढील वर्षापासून अंकाचे नाव 'साध्या व सभ्य' अक्षरात छापावे.

सभेत मला बोलू दिले नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

ज्या लिपीचे नावच बाळबोध, तिने बाळांशी खेळायचे नाही, हा कुठला न्याय? मी चौथीच्या वर्गाला शिकवतो. या मुलांची इंग्रजीशी गाठ कुठे पडते ते पाहा : बिस्किटाच्या पुड्यावर, सदऱ्यावर, खेळण्याच्या खोक्यावर, कार्टूनच्या पडद्यावर. तिथे ती अक्षरे फुगतात, नाचतात, कोलांट्या मारतात. आणि मराठीशी? पाठ्यपुस्तकात, प्रश्नपत्रिकेत आणि 'येथे थुंकू नये' या पाटीवर. एक भाषा मावशीसारखी खाऊ घेऊन येते, दुसरी शाळातपासनिसासारखी. मूल कोणाच्या मागे धावेल, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ कशाला हवा?

बरे, मराठी अक्षर पूर्वापार सोवळ्यातच होते, हे या मंडळींना सांगितले कोणी? दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केला, तो काळ खिळे जुळवण्याचा. छापखान्यातल्या ठराविक खिळ्यांनी मथळा सजत नसे, म्हणून चित्रकार तो हाताने काढीत आणि त्याचा ब्लॉक करून छापला जाई. २०२० साली निवर्तलेल्या कमल शेडग्यांनी नाटकांची नावे अशी रेखाटली, की वर्तमानपत्रातली जाहिरात पाहूनच नाटक रडवणार की हसवणार याचा अंदाज यावा. आणि र. कृ. जोशी? कचेरीतल्या संगणकावर दिसणारे 'मंगल' हे शिस्तीचे अक्षर त्यांचेच. पण कवितेत याच गृहस्थांनी अक्षरांना पानभर मोकळे सोडले. आमच्या सभासदमहाशयांच्या कपाटात जुने दिवाळी अंक बांधून ठेवलेले मी स्वतः पाहिले आहेत. त्यांचे मथळे त्यांना सभ्य वाटतात, कारण ते त्यांच्या लहानपणी छापलेले आहेत.

आता हा 'मोदक'. मुंबईच्या 'एक टाइप'मधील सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी तो घडवला. सुरुवात हाताने काढलेल्या अक्षरांपासूनच झाली. अक्षर जास्तीत जास्त किती जाड करावे आणि तरीही ते वाचता यावे, हा त्यांनी स्वतःला घातलेला पेच. रेघ इतकी फुगवलेली, की 'व'च्या पोटातल्या पोकळीची केवळ एक बारीक पांढरी रेषा उरते आणि डोळा त्या रेषेवरूनच अक्षर ओळखतो. रोमन अक्षर असे फुगवणे त्या मानाने सोपे. आमच्याकडे वर शिरोरेघ, तिच्यावर मात्रा, पायाशी उकार आणि जोडाक्षरांची तर पलटणच! एवढ्या गर्दीत कुणाचाही गळा न दाबता सगळ्यांना लठ्ठ करायचे, याला पोरखेळ म्हणणाऱ्याने एकदा 'क्ष' काढून पाहावा. शिवाय २०१५ पासून हा टाइप गूगलच्या मुक्त संग्रहात आहे, त्याला दमडी पडत नाही. समितीने अंकासाठी मंजूर केलेली रक्कम पाहता हाही गुण लहान नव्हे.

पण खरे सांगू? मला अधिक चीड आहे ती माझ्याच पक्षातल्या मंडळींची. आमच्या नाक्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली' असे गुबगुबीत अक्षरांतले फ्लेक्स लागले होते. खाली छायाचित्र नसते, तर कुणाची मुंज असावी असे वाटले असते. आमच्या डीटीपीवाल्याने तर उत्साहाच्या भरात एक अख्खी गोष्ट या टाइपात लावली. झेरॉक्स काढताच पांढऱ्या रेषा बुजल्या, 'क्ष'चा डांबरगोळा झाला आणि मुलांनी ते पान सरळ उलटले. ते पान मीच फाडले. हे अक्षर मथळ्याचे. दोन-चार शब्द, तळहाताएवढा आकार आणि प्रसंग आनंदाचा. त्यापलीकडे त्याला राबवणे म्हणजे ताटभर भाताऐवजी ताटभर मोदक वाढणे.

अंक वाटला त्या दिवशीची एक हकिकत सभेत सांगायची राहिली. वर्गात एक मुलगी आहे. वाचायला उभी केली, की पायाच्या अंगठ्याने फरशी उकरते. तिच्या नावात जोडाक्षर आहे आणि ते लिहिताना दरवेळी त्यातले अर्धे अक्षर गळते. त्या दिवशी ती मुखपृष्ठावरच्या पांढऱ्या रेषांवरून बराच वेळ बोट फिरवीत बसली. मग वहीचे एक पूर्ण पान घेऊन तिने आपले नाव तसेच फुगवून काढले. एवढे मोठे काढायचे म्हटल्यावर अर्ध्या अक्षराला जागा ठेवणे भाग पडले असावे; ते जिथल्या तिथे होते.

ती वही मी तिच्याकडून मागून घेतली आहे. समितीची पुढील सभा दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे. याही खेपेस मला बोलू दिले नाही, तरी वही उघडून टेबलावर ठेवायला ठराव लागत नाही.