शिर्डी-दिल्ली अंतर हजार किलोमीटर, मग विमानाला पावणेदोन तास का? समजून घ्या हिशोब

विमान ताशी ८००-८५० किलोमीटर वेगाने उडते. शिर्डी ते दिल्ली हवाई अंतर आहे सुमारे १,०२५ किलोमीटर. गणित केले तर प्रवास सव्वा तासात संपायला हवा. तिकिटावर मात्र साधारण पावणेदोन ते दोन तास दिसतात. वरची अर्धा-पाऊण तासाची वेळ जाते कुठे?

अंतर कसे मोजतात?
पृथ्वीच्या गोलावरील दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे हवाई अंतर. शिर्डीहून चेन्नई सुमारे ९७०, तर हैदराबाद ५०५ किलोमीटर आहे. प्रत्यक्षात विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी, लष्करी क्षेत्रे टाळत जाते. त्यामुळे थोडे अंतर वाढतेच.

तिकिटावरची वेळ कोणती?
ती केवळ हवेतली नसते. विमान पार्किंगमधून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर पार्किंगमध्ये थांबेपर्यंतची असते. याला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. धावपट्टीपर्यंत जाणे, उड्डाणाची वाट पाहणे, वर चढणे, खाली उतरणे हे सगळे त्यात येते. दिल्लीत गर्दीच्या वेळी हवेतच घिरट्या घालाव्या लागतात. कंपन्या हा संभाव्य उशीर आधीच वेळापत्रकात धरतात.

निम्मे अंतर, पण निम्मी वेळ नाही
हैदराबाद दिल्लीच्या निम्म्या अंतरावर आहे, तरी दीड तासाच्या आसपास लागतो. कारण चढण्या-उतरण्याचा वेळ कमी होत नाही. शिवाय अशा मार्गांवर एटीआर-७२ ही पंख्याची विमानेही असतात. त्यांचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या घरात असतो.

वारा आणि बंद आकाश
उंचावरचे वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. म्हणून मुंबई-लंडन या ७,२०० किलोमीटरच्या प्रवासात जाताना येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी हवाई हद्द बंद केल्यावर दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारी भारतीय विमाने वळसा घालू लागली. अंतर तेच, वेळ मात्र वाढला.

नगरकरांनी काय पाहावे?
अहिल्यानगर शहरातून काकडी येथील शिर्डी विमानतळ ८०-९० किलोमीटर, तर पुण्याचे लोहगाव ११५ किलोमीटरच्या आसपास. पुणे-दिल्ली हवाई अंतर शिर्डीपेक्षा सुमारे १३० किलोमीटर जास्त आहे. हवेत हा फरक जेमतेम दहा मिनिटांचा. खरा वेळ रस्त्यावर जातो, आणि नगर-मनमाड महामार्गाची अवस्था जिल्ह्याला सांगायला नको.

दुसरा मुद्दा फेऱ्यांचा. १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालेल्या शिर्डी विमानतळावर नोव्हेंबर २०१९ मध्ये कमी दृश्यमानतेमुळे सेवा बरेच दिवस ठप्प होती. पुण्यात एक विमान रद्द झाले तर त्याच दिवशी दुसरे मिळण्याची शक्यता जास्त. शिर्डीत फेऱ्या मोजक्या, त्यामुळे एक चुकली की दिवस गेला.

म्हणूनच दिल्लीहून पुढे परदेशी विमान पकडायचे असेल, मुलाखत किंवा रुग्णालयाची वेळ ठरलेली असेल, तर विमानाची मिनिटे मोजून भागत नाही. शक्यतो दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. पहिल्या विमानाला उशीर झाल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी मग सहसा कंपनीवर येते. तिकिटे वेगवेगळी असतील, तर मध्ये काही तास मोकळे ठेवलेले बरे. हिवाळ्यात तर एक दिवस आधीच निघावे.