बटण सेल आणि रांगते मूल

दिवाळीतल्या इलेक्ट्रिक पणत्या, गाणारी खेळणी, वजनकाटा, गाडीची किल्ली... बटण सेल घरभर आहेत. त्यांतला २० मिलिमीटरचा, ३ व्होल्टचा लिथियम सेल सर्वांत घातक. लहान मुलाच्या अन्ननलिकेत तो अडकला की तिथल्या ओलाव्यातून वीज वाहते, ऋण टोकापाशी तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत आतून गंभीर भाजते. रिमोटला निकामी झालेला सेलही हे करू शकतो! ऑस्ट्रेलियाने २०२२ पासून मुलांना उघडता येणार नाही असा सेलचा कप्पा सक्तीचा केला. आपल्याकडे जत्रेतल्या खेळण्याचे झाकण नखानेही उघडते. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी केळे भरवत, उलटी करवत बसू नका. ताबडतोब एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय गाठा.