निर्दोष सुटणाऱ्याचे राज्यावरील देणे

महाराष्ट्र विधिमंडळाच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,



5 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या सहा जणांची निर्दोष मुक्तता केली. 2003 साली नाशिकजवळ एका कुटुंबावर झालेल्या भीषण हल्ल्यात पाच जीव गेले होते. त्या गुन्ह्यासाठी या सहा जणांना 2006 मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच ठोठावली. सहा जण भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे. त्यांपैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे सिद्ध झाले. फेरविचाराच्या टप्प्यावर अखेर ठळकपणे समोर आलेली गोष्ट अशी की, हल्ल्यातून वाचलेल्या आईने पोलिसांकडच्या फोटोंमधून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते. त्या चौघांचा माग काढला गेलाच नाही. हा पुरावा वेळीच नीट तपासला असता, तर सहा आयुष्यांची सुमारे सोळा वर्षे तुरुंगात गेली नसती आणि ज्यांनी गुन्हा केला त्यांच्यापर्यंत पोचण्याची वाटही खुली राहिली असती.

न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करण्याचा आदेश दिला. सोळा वर्षांनी भागले, तर ही रक्कम दिवसाला सुमारे 86 रुपये भरते. तरीही हे सहा जण त्यातल्या त्यात सुदैवी म्हणायचे, कारण भरपाई मिळणे हा आज कुणाचाही कायदेशीर हक्क नाही. 1983 मध्ये बिहारमधल्या एका माणसाला निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षे डांबून ठेवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने भरपाई दिली आणि रिट याचिकेतून ती मागण्याचा मार्ग मोकळा केला. पण अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यात 2014 साली निर्दोष ठरलेल्यांनी भरपाई मागितली, तेव्हा असा पायंडा धोकादायक ठरेल असे सांगत त्याच न्यायालयाने 2016 मध्ये नकार दिला. म्हणजे कुणाला मिळेल, किती मिळेल आणि मिळेल की नाही, हे सारे त्या त्या खंडपीठावर अवलंबून. कायद्याच्या पुस्तकात शोधायला गेलो, तर विनाकारण अटक झालेल्याला जास्तीत जास्त एक हजार रुपये देण्याची तरतूद तेवढी सापडते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती रक्कम तशीच ठेवली आहे. एवढी मोठी चूक राज्याच्या नावावर जमा असताना तिची भरपाई कृपेवर सोडणे न्यायाला धरून नाही. म्हणून माझी मागणी एकच आहे: चुकीच्या खटल्याला बळी पडलेल्यांची भरपाई हा महाराष्ट्रात कायद्याने दिलेला हक्क असावा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आपल्याकडे बहुतेक आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटतात, मग सगळ्यांना पैसे वाटायचे का? याचे उत्तर विधी आयोगाने ऑगस्ट 2018 च्या आपल्या 277 व्या अहवालात देऊन ठेवले आहे. प्रत्येक निर्दोष मुक्ततेला भरपाई द्या, असे आयोग म्हणत नाही. तपास किंवा खटला द्वेषबुद्धीने अथवा सद्हेतू न ठेवता चालवला गेला, हे दाखवता आले तरच दावा टिकावा. दावे विशेष न्यायालयांनी ठराविक मुदतीत निकाली काढावेत. आणि रकमेबरोबर समुपदेशन, कामधंद्याचे प्रशिक्षण असे पुनर्वसनही व्हावे, अशी त्याची मांडणी आहे. पुरावा अपुरा पडला म्हणून सुटलेला आणि पुरावा दडवल्यामुळे अडकलेला, यांत फरक करणे न्यायालयांना अवघड नाही. नाशिकच्या प्रकरणात त्यांनी तो केलाच.

दुसरा आक्षेप पोलिसांच्या मनोबलाचा. अपुरे मनुष्यबळ आणि वरून येणारा दबाव यांत पोलीस काम करतात, हे मला मान्य आहे. पण प्रामाणिक चुकीसाठी कुणाला शिक्षा करा, असे हा कायदा सांगणार नाही. उलट, चांगल्या तपास अधिकाऱ्याला वरून येणाऱ्या ‘कुणाला तरी उचला’ या दबावापुढे उभे राहायला तो आधार देईल. आरोपींना भरपाई, मग पीडितांच्या न्यायाचे काय, असा तिसरा आक्षेप घेतला जातो, आणि तो सर्वांत गांभीर्याने घ्यायला हवा. मात्र ज्यांची माणसे मारली गेली, त्यांना भलत्यालाच फासावर चढवून न्याय मिळत नाही. चुकीच्या तपासात आरोपी आणि पीडित दोघेही नाडले जातात.

हे ओझे सर्वांत जास्त कुणावर पडते, हेही पाहायला हवे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या अनेक समाजांना जन्मतःच संशयित ठरवले. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण संशय उरला. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतली जातीय कामवाटणी घटनाबाह्य ठरवताना विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीपणे अटक होऊ नये, असेही बजावले. ज्यांच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत आणि गावात बाजू घेणारे कुणी नाही, त्यांनाच गुन्ह्यात गोवणे सर्वांत सोपे असते.

फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत येते. केंद्राच्या कायद्याशी विसंगती येत असेल, तर राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याला कायदा करता येतो. 2021 मध्ये शिक्षा कडक करणारे शक्ती विधेयक आपण याच अधिकारात मंजूर केले होते. जे सभागृह शिक्षा वाढवण्यासाठी पुढे येते, त्याने चुकीच्या शिक्षेची जबाबदारी घ्यायलाही पुढे यावे. येत्या अधिवेशनात विधी आयोगाचा आराखडा पायाभूत धरून विधेयक मांडा. त्यात भरपाईचे निकष आणि मुदत लिहा, निकाल लागेपर्यंत अंतरिम मदतीची सोय करा आणि पुरावा दडवणाऱ्या अधिकाऱ्यावर झालेल्या कारवाईचा अहवाल दरवर्षी सभागृहात ठेवणे सरकारवर बंधनकारक करा. पक्ष कोणताही असो, या मागणीला विरोध करण्याचे कारण मला दिसत नाही. असेल, तर ते सभागृहात उभे राहून, नोंदीवर येईल अशा रीतीने सांगावे.

आपला विश्वासू,
महाराष्ट्राचा एक नागरिक