मुठीएवढा जीव

या वेळी आम्ही एका फार लहान जिवाविषयी लिहीत आहोत. गेल्या दिवाळीत आमचे मेहुणे सुरतहून नंदुरबारला आले, ते आमच्या मुलीसाठी दोन हॅमस्टर घेऊन. उंदराच्याच कुळातला, आखूड शेपटीचा, मुठीत मावणारा सोनेरी प्राणी. पिंजरा बुटाच्या खोक्याएवढा. दुकानदाराने सांगितले होते, "जोडीनेच ठेवा, एकट्याला करमत नाही." आम्ही ते खरे मानले.

आठव्या दिवशी सकाळी त्यातला एक रक्तबंबाळ होऊन मरून पडला होता. दुसऱ्याने त्याला चावून मारले होते. शेजारच्या आजी म्हणाल्या, "उंदीर पाळीसन काय भेटस तुमले?" पण मुलगी दिवसभर जेवली नाही. "पप्पा, तुम्ही आधी कुणाला विचारलं का नाही?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. कचेरीत पूर्ण फाईल वाचल्याशिवाय पुढे न सरकवणारे आम्ही, घरात जीव आणताना एक ओळही वाचली नव्हती.

मग वाचले. हा प्राणी मूळचा सीरियाचा. १९३० साली अलेप्पोजवळच्या शेतातून एक मादी आणि तिची पिल्ले खणून काढली गेली. आज घरोघरी असलेले बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्यांचेच वंशज. रानात तो दोन-दोन फूट खोल बीळ करतो आणि एकटाच राहतो. मोठे झालेले दोन एकत्र ठेवले की मारामारी ठरलेली. म्हणजे त्याला सोबत नको होती, जागा हवी होती.

आम्ही एक जुनी मोठी लाकडी पेटी घेतली, वर जाळी ठोकली. आत कोऱ्या कागदाच्या कातरणांचा वीतभराहून जाड थर दिला, त्यात तो भुयारे करतो. मुलीने मायेने मऊ कापूस घातला होता. आपला भाग कापसाचा, घरात कापूस असतोच. पण त्याचे धागे पायाला आवळतात, गिळले तर आतडे अडते, म्हणून तो काढला. पळायचे चाक आठ इंचांहून मोठे आणि सलग पत्र्याचे हवे. लहान चाकात पाठ वाकते, गजांच्या चाकात पाय अडकतो. ज्वारी, बाजरी, गहू कातरणांत विखरून टाकावेत. दाणे शोधण्यात आणि गालाच्या पिशवीत भरून लपवण्यात त्याचा वेळ जातो. काकडी-गाजराचा तुकडा चालतो. कांदा, लसूण, लिंबू, चिवडा नाही. दात सतत वाढतात, म्हणून कुरतडायला लाकूड द्यावे. तो रात्रीचा प्राणी आहे. दिवसा झोपेतून उठवू नये.

खरी परीक्षा आपल्या उन्हाळ्याची. पारा चाळीसच्या वर जातो आणि या जिवाला तिशीच्या पुढची उष्णताही घातक. आम्ही पेटी पत्र्याच्या खोलीतून काढून आतल्या खोलीत फरशीवर ठेवली. आत मातीचे छोटे मडके आडवे ठेवले, दुपारी पेटीला लागून बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली. वीज गेली की मुलगी आधी तिकडे धावायची. उन्हाळा निभावला.

ज्यांच्या घरी एकच पत्र्याची खोली आहे, त्यांनी हा प्राणी आणू नये, असे आम्ही स्पष्टच सांगतो. त्यात कमीपणा नाही. मुलांचा हट्ट पुरवण्यासाठी जीव होरपळू देण्यात मात्र आहे. जनावराला हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. रानातला पोपट पाळणे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेच बंद आहे.

याचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. हे आम्ही मुलीला आत्ताच सांगून ठेवले आहे. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "तेवढी वर्षं तरी नीट सांभाळू." रात्री दहाला दिवे मालवले की चाकाची घरघर सुरू होते. पूर्वी झोपमोड व्हायची. आता ती ऐकू आली नाही, तर आम्हीच उठून बघतो.