छंद त्यांचा, रीत आपली?

गेल्या नवरात्राच्या आदल्या संध्याकाळी वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या एस.टी.नं अनसिंगला उतरले, तेव्हा रस्त्याकाठी एक लाकडी शिडी उभी होती. शिडीवर एक पोरगा, खाली तिघं, आणि एकाच्या हातात दोनशे पानी वही. मी सहज डोकावले. वहीत पेन्सिलीनं कमान काढलेली, कमानीवर कुठल्या रंगाची माळ किती फूट, कुठं जोड, कुठल्या फेजवर किती भार, कुठली ओळ आधी पेटणार आणि कुठली मागाहून धावणार, सगळं टिपलेलं. पोळ्यापासून हे काम चाललंय म्हणाला. "मॅडम, आवड हाये आपली. पैशासाठी नाई करत." दिवसा तो दुसऱ्याच्या दुकानात कामाला जातो. रात्री जेवून झालं की वही घेऊन बसतो.

मला ती वही मनापासून आवडली. हे आधीच सांगते, कारण पुढं मी जे म्हणणार आहे त्यावरून कुणी मला उजेडाची दुश्मन ठरवू नये.

दोन दिवसांनी तिथून जवळच्या एका खेड्यात बचत गटाच्या बायांची बैठक होती. ओळख करून देताना प्रत्येकीनं नाव, काम आणि छंद सांगायचा, असा आम्हा समाजकार्याच्या पदवीधरांचा एक ठरलेला खेळ असतो. पुस्तकातून उचललेला. नाव झालं, काम झालं, आणि छंदावर गाडी अडली. बाया एकमेकींच्या तोंडाकडं पाहून हसायला लागल्या. "ताई, छंद म्हंजे काय वो? पोट्ट्याइले रायते तो?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "रिकाम्या बाईले छंद. आमाले कुठी टाइम हाये?"

मग त्याच बायांशी बोलता बोलता जे निघालं ते असं. दिवाळीत कुणी किती पणत्या लावते, कुठल्या कोनाड्यात, तुळशीपाशी किती, उकिरड्यावर एक का, गोठ्यात कुठं ठेवली म्हणजे जनावर लाथ मारणार नाही, वारा कुठून येतो, तेल किती वेळ पुरतं. प्रत्येकीच्या डोक्यात पक्का नकाशा. भुलाबाईच्या दिवसांत महिनाभर पोरींची आरास चाले ती वेगळीच. एका म्हाताऱ्या आजीनं चातुर्मासात लक्ष वाती केल्या होत्या. एक लाख! कापूस वेचून, सरकी काढून, मांडीवर वळून, शंभर-शंभराच्या जुड्या बांधून. महिनोन् महिने हिशोब ठेवला, लिहिता येत नसताना. त्या दोनशे पानी वहीतल्या माळांमध्ये एक लाख दिवे नक्की नव्हते.

तरी पोराचा तो छंद आणि आजीचं ते व्रत. त्याची कला, तिची रीत. त्याच्या कमानीला बक्षीस म्हणून ढाल मिळते, मंडळाच्या फलकावर नाव लागतं. तिच्या पणत्या दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गोळा करते, तेलकट दगड तीच घासते. आणि एखाद्या वर्षी नाही लावल्या तर? पोरानं यंदा कमान केली नाही तर लोक म्हणतील, वेळ नसेल मिळाला. बाईनं पणती लावली नाही तर घराला अवदसा आली. छंद आणि रीत यांत फरक कामाचा नाही, नाही म्हणण्याच्या मुभेचा आहे.

हे आपल्याकडंच आहे असं नाही. गोव्यात नाताळ आला की नखेत्रांच्या आणि गोठ्यांच्या स्पर्धा भरतात. वाड्यावाड्यांवर पोरं रात्र-रात्र जागून बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद घेऊन बसतात, आणि आत चुलीपाशी नेवऱ्या, दोदोल, बेबिंका कुणी करतं हे सांगायला नको. बाहेरचं चांदणं त्यांचं, आतला धूर हिचा. नाताळच्या झाडावर विजेचे दिवे पहिल्यांदा लावले ते न्यूयॉर्कमध्ये 1882 साली, एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं. ऐंशी दिवे, लाल, पांढरे, निळे. त्या घरात त्या दिवशी स्वयंपाक कुणी केला याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

पण त्याच न्यूयॉर्क शहरातली दुसरी एक गोष्ट मला फार आवडते. ब्रुकलिनमध्ये डायकर हाइट्स नावाची वस्ती आहे. तिथल्या घरांवरची नाताळची रोषणाई पाहायला आज जगभरातून लोक येतात. ही प्रथा सुरू केल्याचं श्रेय दिलं जातं ते ल्यूसी स्पाटा या बाईला. 1980च्या दशकात ती तिथं राहायला आली आणि आपल्या आईला सजावटीची आवड होती म्हणून तिच्या आठवणीसाठी घर दिव्यांनी मढवायला लागली. शेजाऱ्यांनी आधी तक्रारी केल्या. गर्दी होते, डोळे दिपतात. तिनं ऐकलं नाही. पुढं शेजारीही माळा लावायला लागले. बाईचा हट्ट होता तो. व्रत नव्हतं, नवस नव्हता, मुलाबाळांच्या कल्याणासाठीही नव्हतं. आईला आवडायचं आणि मला आवडतं, एवढंच कारण. आपल्यापैकी किती जणींना एवढंच कारण सांगून चार माळा विकत आणता येतील?

आता थोडं आपल्याच घरात. चळवळीतल्या आपण कार्यकर्त्यांनी रोषणाईबद्दल आजवर काय म्हटलंय? उधळपट्टी. वर्गणीची लूट. त्या पैशात किती मुलींची फी भरली असती. मीही एका पत्रकात असंच लिहिलं होतं, आणि ते बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा मागं बसलेली एक शेतमजूर बाई उठून म्हणाली, "तुमी लायटिंग बंद करा म्हन्ता. मंग आमी पाहाव काय? सालभर त अंधारच हाये." मी गप्प झाले. ते पत्रक मागं घेतलं.

कारण ती खरं बोलत होती. नवरात्राचे नऊ दिवस, गणपतीचे दहा, भीमजयंतीची ती निळी रोषणाई, ईदच्या माळा. या मोजक्या रात्री सोडल्या तर आपल्या खेड्यापाड्यांतली बाई रात्री दहा वाजता रस्त्यावर, कामाशिवाय, नुसती पाहायला म्हणून कधी उभी असते? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 2011 मध्ये 'व्हाय लॉइटर' या पुस्तकात मुंबईतल्या बायांसाठी हाच हक्क मागितला: कारण न देता रस्त्यावर रेंगाळण्याचा. अनसिंगच्या पेठेत नवरात्रात पोरी हातात हात घालून कमानीखाली उभ्या असतात तेव्हा त्या तेच करत असतात. कुणी त्यांना विचारत नाही, इथं काय करता? "लायटिंग पाहून राह्यलो", हे उत्तर चालतं. दसरा होतो, माळा उतरतात, आणि त्याबरोबर ती परवानगीही उतरते.

मग उरतो तो आपला नेहमीचा अंधार. आसपासच्या खेड्यांतून, तांड्यांवरून पोरी शिकायला येतात. हिवाळ्यात संध्याकाळची एस.टी. फाट्यावर सोडते तेव्हा काळोख झालेला असतो. फाट्यापासून गावापर्यंत दिवा नाही. एका पोरीची बारावी यापायीच सुटली. काही घडलं नव्हतं बरं का. काही घडण्याआधीच बापानं घरी बसवली. 'काही घडलं नाही' म्हणून तिची कुठं नोंदही नाही. घरी संडास नाही किंवा आहे पण पाणी नाही, अशा बाया अजून अंधाराची वाट पाहतात आणि अंधारालाच भितात. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत सगळं गावच काळोखात असायचं, तेव्हा निदान समता होती!

गावात उजेड ठेवणं हे ग्रामपंचायतीचं काम आहे. 1958च्या ग्रामपंचायत कायद्याच्या अनुसूचीत ते लिहिलेलं आहे. पण 2021 मध्ये बिलं थकली म्हणून महावितरणनं राज्यातल्या अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडली. बिल राज्यानं भरायचं की पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून ग्रामपंचायतीनं, यावर पुरुषांची भांडणं चालली, आणि तोवर बाया मोबाइलच्या उजेडात पाणी भरत होत्या. तेच महावितरण उत्सव मंडळांना सवलतीच्या दरात तात्पुरती जोडणी देतं. द्यावी. आकडा टाकून वीज चोरण्यापेक्षा ते केव्हाही बरं. पण सवलत द्यायची तर उत्सवाच्या कमानीला, आणि तोडायची तर वस्तीच्या खांबाची, हा क्रम कुणी लावला?

विजेचा हिशोबही एकदा करून पाहा. मंडपापुढं लागायचा तो जुना हॅलोजन 500 वॅटचा. तेवढ्या विजेत 20 वॅटचे 25 पथदिवे जळतात. म्हणजे चार हॅलोजन म्हणजे शंभर खांब. आता एलईडी आले, वीज कमी लागते. मग आपण काय केलं? वाचलेल्या विजेत आणखी माळा लावल्या. फाट्याचा रस्ता तिथंच आहे.

एका गावात (नाव सांगत नाही) बायांनी दिव्यांची मागणी केली तेव्हा उत्तर मिळालं, "तुमच्या महिला-बालकल्याणाच्या दहा टक्क्यांतून लावून घ्या." पाहा, कमान सगळ्या गावाची, म्हणून तिला सगळ्या गावाची वर्गणी. अंधार मात्र बायांचा, म्हणून त्याचा खर्च बायांच्या वाट्यातून! त्या रस्त्यानं पुरुष जात नाहीत? त्यांना विंचूकाटा डसत नाही?

इथवर बहुतेक मैत्रिणी माझ्याशी सहमत असतील. यापुढं कदाचित नसतील.

आपण उजेड मागतो तेव्हा नेहमी सुरक्षेसाठी मागतो. पोरी शिकतील, बाया निर्धास्त बहिर्दिशेला जातील, छेडछाड थांबेल. सगळं खरं. पण पुरुष उजेड मागतो तेव्हा सांगतो, सुंदर दिसतो. त्याला कारण द्यावं लागत नाही. आपण कारण दिल्याशिवाय एक बल्बही मागू शकत नाही, आणि ते कारण भीतीचंच असावं लागतं. या व्यवहारात आपण खांब मिळवू, पण भित्री ही पदवी कायमची चिकटवून घेऊ. म्हणून मी म्हणते, खांब तर हवेतच, वर माळाही हव्यात. बिनकामाच्या, लुकलुकणाऱ्या, आपल्या डोक्यातून निघालेल्या. त्या लावल्यानं कुणाचं कल्याण होत नसलं तरी चालेल.

"बायांवर आणखी एक काम टाकता का?" असं एका जुन्या कार्यकर्तीनं मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. बायांच्या गळ्यात काहीही अडकवलं की त्याची रीत व्हायला वेळ लागत नाही. मला ते नकोय. करायचं तिनं करावं, कंटाळा आला की सोडावं. पण त्यासाठी आधी वेळ हवा, आणि तो कुणी देणार नाही. त्या दुकानातल्या पोराला रात्री वही घेऊन बसता येतं, कारण त्याचं ताट त्याच्या आईनं उचललेलं असतं. त्याच्या कमानीच्या खर्चात तिचे ते दोन तास कुणी धरलेत?

दुसरी अडचण विजेची. पिन काढायची, जोड द्यायचा, चिकटपट्टी गुंडाळायची, अर्थिंग कुठं करायचं, ओल्या मांडवाच्या लोखंडी पाइपावर उघडी तार गेली तर काय होतं, हे पोरं एकमेकांकडून शिकतात. पोरींना कुणी शिकवत नाही, उलट "हात लावू नको, शॉक लागेल" हे पहिलं वाक्य. शॉक पोरांनाही लागतो. आय.टी.आय.ला वीजतंत्रीचा अभ्यासक्रम मुलींनाही खुला आहे, पण किती आईबाप फॉर्मवर तो लिहितात? शिडीवर चढायला लुगडं आडवं येतं म्हणे. कुरड्या वाळवायला माळवदावर चढताना, झाडावर चढून चिंचा झोडताना, कडब्याची गंजी रचताना येत नाही.

तर त्या खेड्यातल्या बचत गटात सध्या असं चाललंय. दहावीतल्या दोन पोरींनी गावाचा नकाशा काढला. कुठला खांब चालू, कुठला बंद, कुठं खांबच नाही. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते, तिथं तो मांडायचाय, आणि दहा टक्क्यांना हात लावू द्यायचा नाही हे ठरलंय. पण त्याच वहीच्या मागल्या पानावर पोरींनी दुसरंही एक चित्र काढलं, कुणी न सांगता. येत्या दिवाळीला हातपंपापासून समाजमंदिरापर्यंत माळा, मध्ये भुलाबाईचा झोपाळा, पिवळ्या दिव्यांचा. लक्ष वातीवाल्या आजीनं तो पाहिला आणि म्हणाली, "झोका हालता पायजे." तो कसा हालवायचा यावर तासभर वाद झाला. बाया घरी जायला उशीर झाला, एकीचा नवरा बोलवायला आला, त्यालाही थांबवून घेतलं, कारण मोटरवायंडिंगचं त्याला कळतं.

माळांचे भाव वाशीमहून काढून आणलेत. शिडी मात्र गावात एकच आहे, आणि ती मंडळाच्या खोलीत कुलपात. सोमवारी मागायला जायचंय. चौघी जाणार आहेत.