घरची तब्येत : लघवीची गोळी

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच विषय वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो. 'अब्बांना डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली आहे, पण जुम्याच्या दिवशी ते ती घेत नाहीत.' 'सासूबाईंचे पाय सुजतात, शेजारच्या खालांकडे पाणी काढायची गोळी आहे, ती दिली तर चालेल का?' 'ही गोळी किडनी खराब करते असे ऐकले, बंद करावी का?' या सगळ्या पत्रांना आम्ही आज एकत्र उत्तर देत आहोत. ही गोळी स्वस्त आहे, जुनी आहे आणि कामाची आहे. मात्र तिची नाहक भीती बाळगणे आणि ती बेफिकिरीने घेणे, या दोन्हींतून माणूस दवाखान्यात दाखल होतो.

आधी ती काय करते ते पाहू. आपल्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला जवळजवळ सगळा त्या पुन्हा रक्तात परत घेतात आणि दीड-दोन लिटर तेवढी लघवी बाहेर टाकतात. परत घेण्याच्या या कामात मीठ पुढे असते आणि पाणी त्याच्या मागे जाते. लघवीची गोळी किडनीला थोडे मीठ परत घेऊ देत नाही. मीठ लघवीतून निघून जाते आणि त्याच्याबरोबर पाणीही जाते. म्हणजे ही गोळी किडनीला मारझोड करून काम करून घेत नाही. ती फक्त मीठ परत येण्याचा एक दरवाजा अर्धवट लावते.

पूर्वी अंगात पाणी भरलेल्या रुग्णासाठी फारसे काही हाती नव्हते. १९१९ साली व्हिएन्नात गरमीच्या रोगावर पाऱ्याचे इंजेक्शन दिल्यावर रुग्णाला भरपूर लघवी होते, हे आल्फ्रेड व्होग्ल या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या लक्षात आले. त्यानंतर कितीतरी वर्षे पाऱ्याची ती विषारी इंजेक्शनेच पाणी काढण्यासाठी वापरात होती. १९५७-५८ च्या सुमारास क्लोरोथायझाइड ही तोंडाने घ्यायची गोळी अमेरिकेत आली आणि चित्र बदलले. आज आपल्या डब्यात असलेल्या हायड्रोक्लोरोथायझाइड आणि क्लोरथॅलिडोन या गोळ्या त्याच घराण्यातल्या आहेत.

या गोळ्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत आणि घरातल्यांनी ते ओळखलेच पाहिजेत.

पहिला प्रकार मुख्यतः रक्तदाबासाठी असतो. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन आणि इंडापामाइड या त्यातल्या गोळ्या. त्या हळू आणि दीर्घकाळ काम करतात. सुरुवातीचे काही दिवस लघवी जास्त होते, मग शरीराला सवय होते. पुढे रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब खाली राहतो. पूर्ण गुण दिसायला काही आठवडे लागतात. म्हणून 'चार दिवस घेतली, फरक पडला नाही' म्हणून ती सोडू नये. पुष्कळदा ही गोळी वेगळी नसते, दुसऱ्या गोळीत मिसळलेली असते. टेल्मिसार्टनसारख्या औषधाच्या नावामागे 'एच' किंवा 'सीटी' असे अक्षर दिसले, तर आत बहुधा लघवीची गोळीही आहे असे समजावे आणि पाकिटावरची नावे वाचून खात्री करावी.

दुसरा प्रकार जोरदार आहे. फ्युरोसेमाइड, जी लोक लॅसिक्स या नावाने ओळखतात, आणि टॉर्सेमाइड. हृदय दुबळे झाले, किडनीचा किंवा लिव्हरचा आजार झाला आणि अंगात, फुप्फुसांत पाणी साठले, तर ही गोळी दिली जाते. फ्युरोसेमाइड तासाभरात काम सुरू करते आणि साधारण सहा तास चालते. नुसत्या रक्तदाबासाठी ही पहिली पसंती नसते.

तिसरा प्रकार स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्यांचा. यांनी पाणी थोडे निघते, पण शरीरातले पोटॅशियम राखले जाते. हृदय फार दुबळे झालेल्या रुग्णांवर झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ही गोळी जोडल्यावर मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी झाले होते. लॅसिलॅक्टोनसारख्या गोळीत दुसरा आणि तिसरा प्रकार एकत्र असतो.

'एवढी जुनी आणि स्वस्त गोळी, तिचा खरेच उपयोग होतो का?' असेही काहींनी विचारले आहे. होतो, आणि तो मोजून पाहिलेला आहे. १९९१ साली साठीच्या पुढच्या ४,७३६ लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या लोकांचा वरचा रक्तदाबच तेवढा वाढलेला होता. क्लोरथॅलिडोनपासून उपचार सुरू केलेल्या लोकांत पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी झाले. २००२ साली ३३ हजारांहून अधिक लोकांवरच्या अभ्यासात हीच गोळी महागड्या नव्या गोळ्यांच्या बरोबरीने उभी राहिली. २००८ साली ऐंशी वर्षांपुढच्या वृद्धांवरचा अभ्यास आला. त्यात इंडापामाइडने सुरुवात करून गरजेनुसार दुसरी गोळी जोडली होती आणि मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले. 'आता या वयात कशाला गोळ्या' असे दादीजान म्हणाल्या, तर त्यांना हे जरूर सांगावे.

आता सुजेकडे येऊ. पायाला सूज आली की लघवीची गोळी, असे समीकरण आपल्याकडे झाले आहे. ते चुकीचे आहे. सूज हा आजार नसून खूण आहे. हृदय, किडनी, लिव्हर, थायरॉइड, रक्तातली कमी झालेली प्रथिने, पायाच्या शिरा, दिवसभर उभे राहणे, हत्तीरोग, अशी तिची अनेक कारणे असतात. एकाच पायाला अचानक सूज आली आणि पोटरी दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गाठ झाली असू शकते. तिथे लघवीची गोळी घेऊन वाट पाहणे जिवावर बेतू शकते. गरोदरपणात चेहरा आणि हात सुजले, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा. घरची कोणतीही गोळी देऊ नये.

एक गोष्ट पुष्कळ घरांत घडताना आम्ही पाहतो. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू होते. काही जणांना या गोळीनेच घोट्याजवळ सूज येते. मग मेडिकलवाल्याकडून पाणी काढायची गोळी आणली जाते. सूज नीट उतरत नाही, कारण ती अंगात पाणी वाढल्यामुळे आलेली नसते. मात्र शरीरातले मीठ आणि पोटॅशियम निघून जाते. मग थकवा, चक्कर आणि पायात गोळे सुरू होतात. त्यासाठी शक्तीची गोळी येते, आणि अम्मींच्या डब्यात एकाऐवजी चार औषधे जमतात. खरा उपाय सोपा असतो. मूळच्या डॉक्टरांना दाखवायचे. ते मात्रा कमी करतील किंवा गोळी बदलतील.

या गोळ्यांचे तोटेही सांगितलेच पाहिजेत. पहिल्या दोन प्रकारांत पोटॅशियम आणि सोडियम कमी होऊ शकते. पोटॅशियम कमी झाले की हातापायांतली ताकद जाते आणि छातीत धडधड होते. सोडियम फार घसरले की म्हातारी माणसे गोंधळल्यासारखी वागू लागतात, आणि घरच्यांना वाटते की हा वयाचा परिणाम आहे. युरिक अ‍ॅसिड वाढून अंगठ्याचा सांधा सुजू शकतो, साखर थोडी वाढू शकते. तिसऱ्या प्रकारात उलट पोटॅशियम वाढण्याचा धोका असतो. म्हणून गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर काही आठवड्यांत आणि पुढे ठरावीक काळाने रक्तातले सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासावे लागते. 'किडनी खराब होते' ही भीती बहुतेकदा इथूनच आलेली असते. योग्य मात्रेत आणि तपासणीसह घेतलेली गोळी किडनी बिघडवत नाही. बिघडवतो तो वर्षानुवर्षे न मोजलेला रक्तदाब.

किडनीला खरा धोका दुसरीकडून येतो. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेणारे आपल्यात खूप आहेत. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी, त्यात लघवीची गोळी आणि वर या वेदनाशामक गोळ्या असे तिन्ही एकत्र आले, तर किडनीवर अचानक ताण येऊ शकतो. शिवाय वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, म्हणजे लघवीच्या गोळीचे काम हाणून पाडतात. दुखण्यासाठी कोणती गोळी चालेल हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

जुम्याच्या दिवशी गोळी चुकवणाऱ्या अब्बांचा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. वजू टिकत नाही, मशिदीत मध्येच उठावे लागते, बसच्या प्रवासात किंवा शादीच्या गर्दीत सोय नसते. ही अडचण खरी आहे. लाजेमुळे ती डॉक्टरांना सांगितली जात नाही आणि गोळी गुपचूप सुटते. हृदय दुबळे असलेल्या माणसाने असे दोन-तीन दिवस केले, तर पाणी पुन्हा फुप्फुसांत साठते आणि मध्यरात्री धाप लागून धावपळ होते. यावर उपाय आहे, तो म्हणजे गोळी सोडण्याऐवजी तिची वेळ सरकवणे. फ्युरोसेमाइडचा जोर काही तासांचाच असतो, त्यामुळे नमाजहून परतल्यावर दुपारी ती घेता येते. फक्त फार उशिरा घेऊ नये, नाहीतर रात्रभर उठावे लागते आणि अंधारात पडण्याची भीती असते. रक्तदाबाच्या गोळ्यांबाबत २०२२ साली ब्रिटनमधल्या २१ हजारांहून अधिक लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सकाळी घ्या की संध्याकाळी, हृदयविकार आणि पक्षाघाताच्या प्रमाणात फरक आढळला नाही. तेव्हा डॉक्टरांना अडचण मोकळेपणाने सांगा. बहुतेकदा मार्ग निघतो.

रमजानचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. दिवसभर पाणी नाही आणि सहेरीला लघवीची गोळी, ही जोडी चांगली नाही. उन्हाळ्यात तर चक्कर येऊन पडण्याचा धोका वाढतो. रमजानच्या निदान महिनाभर आधी डॉक्टरांना भेटावे. ज्यांचा रक्तदाब ताब्यात आहे, त्यांची गोळी अनेकदा इफ्तारनंतर घेता येते किंवा बदलता येते. मात्र ज्यांचे हृदय फार दुबळे आहे, ज्यांना दिवसातून दोनदा जोरदार गोळी लागते किंवा ज्यांची किडनी अधू आहे, त्यांनी डॉक्टर नको म्हणाले तर हट्ट करू नये. आजारी माणसाला रोजे पुढे ढकलण्याची आणि कायमचे शक्य नसेल त्याला फिदया देण्याची सवलत दीनमध्येच आहे. घरातल्या तरुणांनी हे अब्बा-अम्मींना प्रेमाने सांगावे, गरज पडल्यास इमामसाहेबांकडून सांगवावे. हज-उमऱ्याला जाणाऱ्यांनीही तिथल्या उकाड्याचा विचार करून निघण्याआधी मात्रा विचारून घ्यावी.

आणखी एक नियम लक्षात ठेवावा. जुलाब, उलट्या किंवा तेज ताप असेल आणि पाणी पोटात राहत नसेल, तर लघवीची गोळी तशीच चालू न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. अशा वेळी ते बहुधा काही दिवस गोळी थांबवायला सांगतात.

स्वयंपाकघराच्या मदतीशिवाय ही गोळी अर्धीच चालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाला एका माणसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याभराहून कमी मीठ असावे. यात स्वयंपाकातले, लोणच्यातले आणि पापडातले सगळेच आले. कोकणातल्या घरांत सुकी मासळी आवडीची असते, पण तिच्यात मीठ भरपूर असते. फरसाण, बेकरीची बिस्किटे आणि सोडा घातलेली पावडर यांतूनही सोडियम जाते. ताटात वरून मीठ घेणे बंद करावे, बिर्याणीबरोबरच्या रायत्यात मीठ घालूच नये. बाजारातले 'कमी सोडियमचे मीठ' मात्र विचारल्याशिवाय आणू नये. त्यात पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याला किंवा किडनीच्या रुग्णाला ते घातक ठरू शकते. रोज शहाळे पिण्याबाबतही अशा रुग्णांनी हीच काळजी घ्यावी.

शेवटी घरासाठी तीन कामे. पहिले, हृदयासाठी गोळी घेणाऱ्यांचे वजन रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी मोजून वहीत लिहावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ते पाणी आहे असे समजून डॉक्टरांना कळवावे. सपाट झोपल्यावर धाप लागणे, उशा वाढवाव्या लागणे या खुणांची वाट पाहत बसू नये. दुसरे, बसून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तेही सांगावे. कदाचित मात्रा जास्त होत असेल. तिसरे, खर्चासाठी गोळी बंद करू नये. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळू शकतात, तिथे चौकशी करावी.

एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या कामाची नसते, हे शेजारच्या खालांनाही नम्रपणे सांगावे. त्यांची गोळी त्यांच्या आजारासाठी आहे. सासूबाईंच्या सुजलेल्या पायांना आधी तपासणी हवी, औषध नंतर.